घोंगडीखालची ठिणगी

आमच्या नावेच्या इंजिनाला दोन प्लग होते. ते मी इतक्या वेळा हातात घेतले आहेत की डोळे मिटले तरी त्यांचं वजन तळहाताला कळतं. खाली लोखंडी बूड, त्याला पाना बसायला सहा बाजू, आणि वर चिनी मातीचा पांढराशुभ्र गळा. त्या गळ्याच्या टोकाला तार जोडायची. बुडाखाली दोन बारीक काड्या एकमेकींकडे तोंड करून असत. त्या काड्यांच्या मध्ये ठिणगी पडली की इंजिन चालायचं, नाही पडली की नाही. माझी शाळा चौथीपर्यंतची. इंजिनातलं मला कळतं ते एवढंच. पण त्या सालच्या मार्गशीर्षात एवढं कळणंही पुष्कळ झालं.

कुंडलकडून कृष्णेला उतरलं की आमचं गाव. पलीकडच्या काठाला दत्ताचं देऊळ आणि सांगलीच्या बाजाराला जाणारी गाडीवाट. मामंजी, म्हणजे माझे सासरे, या काठावरून त्या काठावर नाव घालायचे. हळदीची पोती, गुळाच्या ढेपा, शेळ्या, माहेरवाशिणी, सगळं आमच्या नावेतून जायचं. माझं माहेर मेढ्याच्या बाजूला, डोंगरात. तिकडे नदी म्हणजे लुगडं वर धरून चालत ओलांडायची गोष्ट. लग्न होऊन आले तेव्हा नावेत पाय ठेवताना मी डोळे मिटून घ्यायची. मामंजी म्हणायचे, "डोळं मिटलं म्हंजी पानी कमी हुतं व्हय गं?" पण तेही हसून.

ह्यांच्याबद्दल लिहायचं तर ती लाज अजून गेलेली नाही. हे पलटणीत होते. लग्नापुरते रजेवर आले आणि अंगाची हळद उतरायच्या आत परत गेले. दुसऱ्या लढाईत तिकडे इराकात, बसऱ्याला होते. तिकडच्या नदीत सरकारी लाँचा चालत, त्यांच्या इंजिनाच्या कामाला. लढाई संपली आणि हे कायमचे घरी आले तेव्हा मला कळलं की माझा नवरा भाकरीचा पापुद्रा आधी काढून बाजूला ठेवतो आणि शेवटी खातो. उठल्यावर अंथरुणाची चौकोनी घडी करून, वर उशी ठेवून, हाताने सपाट करतो. आंघोळीला बसला की शीळ घालतो. अशा गोष्टी इतर बायकांना लग्नाच्या पहिल्या महिन्यात कळतात. मला त्या इतक्या वर्षांनी मिळत होत्या आणि मी त्या एकेक करून गोळा करत होते.

ह्यांनी येताना एक लोखंडी ट्रंक आणली आणि कॅनव्हासमध्ये गुंडाळलेले पाने. मग काही महिन्यांनी पुण्याला लष्कराच्या मोडीत काढलेल्या सामानाचा लिलाव झाला, त्यात एका लाँचचं जुनं इंजिन घेतलं. ते कुंडलपर्यंत मोटारीतून आलं आणि पुढे बैलगाडीतून. गाव बघायला लोटलं. मामंजींनी इंजिनाभोवती एक फेरी घातली.

"ह्ये नावंत बसवणार?"

"व्हय."

"मग माणसं कुठं बसवू, तुज्या टकुऱ्यावर?"

इंजिनाचा दांडा पाण्यात पंख्यापर्यंत न्यायचा तर नावेच्या बुडाला भोक पाडणं भाग होतं. त्या दिवशी मामंजी घाटाकडे फिरकले नाहीत. घरात बसून येईल त्याला सांगत होते, "नावंची भोकं बुजवण्यात माजा बाप मेला, मी म्हातारा झालो, आन् ह्यो भोक पाडतूय." पण भोक नीट बसलं. डांबर, कापूस आणि वरून पत्रा, एक थेंब पाणी आलं नाही. दिवाळीच्या सुमाराला इंजिन सुरू झालं. आधी थोडं पेट्रोल द्यायचं, हँडल मारायचं, तापलं की रॉकेलवर टाकायचं. डुग डुग डुग असा आवाज पार मळ्यांपर्यंत जायचा. नाव धारेबरोबर खाली न वाहता सरळ पलीकडच्या पायरीला लागली तेव्हा मामंजींनी पागोटं काढलं, डोकं खाजवलं आणि पुन्हा घातलं. ती त्यांची शाबासकी होती.

मग ह्यांच्या पलटणीतला एकजण सांगलीला जाताना आमच्याकडे उतरला. जेवताना त्याने सांगितलं की त्यांचा साहेब आता मुंबईच्या गोदीत मोठ्या जागेवर आहे आणि ह्यांना इंजिनाच्या कामावर घ्यायला तयार आहे. "नुसता हो म्हण," तो म्हणाला. हे म्हणाले, "माजी नाव चालू हाय की." तो म्हणाला, "चालू हाय तवर ठीक." गोष्ट तिथे थांबली. पण मी चुलीपाशी होते आणि आत्याबाई, माझ्या सासूबाई, ताक घुसळत होत्या. आम्ही दोघींनी ती ऐकली होती. मुंबईला बायको न्यायची तर खोली लागते, आणि खोली तेव्हा कुणाला मिळत नव्हती. गावातले जे गेले होते ते गणपतीला आणि शिमग्याला दिसायचे.

दुसऱ्या दिवशी आत्याबाई पूजेचं ताट घेऊन नावेवर आल्या. पूर्वी त्या फक्त नावेच्या तोंडाला हळदकुंकू लावायच्या, तेही सणावारी. त्या दिवशी इंजिनाच्या पेटीत वाकून पाहिलं आणि दचकून मागे झाल्या.

"ह्ये काय गं? पांढऱ्या कपाळाचं?"

प्लगांचे ते दोन पांढरे गळे त्यांनी पहिल्यांदाच पाहिले होते. "आसं पांढरं कपाळ घिऊन नाव सोडायची? म्हणूनच तर मुंबईची वाट घरापत्तुर आली." त्यांनी कुंकवात पाणी घालून ते चांगलं कालवलं आणि दोन्ही प्लगांना खालून वर एकेक बोट ओढलं. लोखंडापासून थेट तारेपर्यंत. त्या दिवसापासून रोज पहाटे हे सुरू झालं. लेक घरी राहावा म्हणून लावलेलं कुंकू होतं ते. मीही ताटाला हात लावून मनात तेच म्हणायची.

आणि इंजिन सकाळी चालेनासं झालं.

पहिल्या दिवशी ह्यांनी हँडल मारून मारून घाम काढला. मग प्लग काढला, हुंगला. ओला होता. "पेट्रोल येतंय, ठिणगी न्हाई," म्हणाले. फडक्याने पुसला, परत बसवला, आणि इंजिन सुरू झालं. "धुकं लय पडलंय, सर्दावलंय," म्हणाले. दिवसभर कसली कुरकुर नाही. एकदा तापलं की कितीदाही बंद करा, एका हँडलात चालू. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मुकं.

ठिणगी कुठून येते ते मला ह्यांनीच दाखवलं. इंजिनाच्या कुशीला मॅग्नेटो नावाची काळी पेटी होती. ती फिरली की तारेतून करंट प्लगात जातो. सगळा संशय त्या पेटीवर गेला. हे ती काढून घरी घेऊन आले आणि ऊब लागावी म्हणून रात्रभर चुलीच्या कडेला ठेवली. आत्याबाई म्हणाल्या, "आता हिला बी भाकर थापू का?" सकाळी पेटी बसवली, प्लग पुसले, इंजिन चाललं. झालं, ओल गेली, असं सगळ्यांना वाटलं. दुसरी सकाळ आली तशी पुन्हा तीच गत. मग तारा बदलल्या. बदलताना प्लग काढले, पुसले, इंजिन चाललं. पुन्हा पुढची सकाळ. मग पेटीतले पॉइंट. ते म्हणजे दोन बारीक बोटं, एकमेकांना शिवतात आणि सुटतात. ह्यांनी ते पॉलिश पेपरने घासले आणि दाढीच्या पत्तीने त्यांच्यातली फट मोजली. दर वेळी जे केलं त्याचाच गुण आला असं दिसायचं, कारण दर वेळी इंजिन चालायचं. प्लग पुसणं हे कुणाच्या हिशेबातच नव्हतं. ते हात धुण्यासारखं होतं.

ठिणगी बघायला दुसरं माणूस लागायचं. प्लग बाहेर काढून, तार जोडून, इंजिनाच्या लोखंडावर आडवा ठेवायचा. एकाने हँडल मारायचं, एकाने बघायचं. उजेडात ठिणगी दिसत नाही, म्हणून वर घोंगडी घ्यायची. मामंजींनी साफ सांगितलं होतं, "मी त्या भुताच्या पेटीत डोकं घालणार न्हाई." तेव्हा न्याहारी घेऊन गेलेल्या मला ह्यांनी बसवलं.

पहिल्यांदा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घाटावर माणसं उभी आणि मी नवऱ्याच्या पायांशी घोंगडीत. पलीकडे जाणारी एक म्हातारी म्हणाली, "काय गं, नवऱ्याकडं बगाय घोंगडी लागती व्हय तुला?" सगळे हसले. पण एकदा घोंगडी डोक्यावर आली की घाट नाहीसा व्हायचा. आत अंधार, रॉकेलचा वास, आणि बाहेरून फक्त ह्यांचा आवाज.

"पडतीया का?"

"पडतीया."

"निळी का तांबडी?"

"निळी."

"हात लांब ठेव. चावतंय."

चार माणसांत मी कधी वर मान करून बोलले नव्हते. घोंगडीखाली मला लाज वाटायची नाही. तिथे मी सांगायची आणि हे ऐकायचे. माझं सांगणं कुणी कामाचं म्हणून ऐकतंय, ही गोष्ट मला नवी होती. इंजिन बिघडू नये असं मला जिवापासून वाटायचं आणि तरी त्या घोंगडीचीही मला सवय लागली होती.

मामंजींचा धीर मात्र सुटत चालला. सकाळच्या बाजाराच्या पहिल्या खेपा वल्ह्यांवर माराव्या लागत होत्या, आणि इंजिनाच्या वजनाने नाव जड झाली होती. एक दिवस ते जेवता जेवता बोलले.

"पुनवंला देवळाला माणूस लोटंल. त्या दिशी सकाळी तुजी पेटी चालली तर चालली. न्हाई चालली तर काढायची, भोक बुजवायचं, आन् तू तुज्या सायबाला हो म्हणून कळीव."

"चालंल," हे म्हणाले.

"कवा? उनं चढल्यावर चालणारं इंजन घिऊन मी काय करू, त्येच्यावर वाळवण घालू?"

त्या दिवशी भाकरीचा पापुद्रा ताटातच राहिला. आत्याबाईंनी तो पाहिला, मीही पाहिला. दुसऱ्या दिवसापासून त्या कुंकू जास्त दाट कालवू लागल्या.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशीची गोष्ट. ह्यांची इंजिनाची फडकी इतकी मेणचट झाली होती की मी ती सगळी राख लावून धुतली आणि परसात वाळत घातली. सकाळी इंजिन नेहमीसारखं मुकं. हे पॉइंट घासून मोकळे झाले, पाना लावून प्लग काढला आणि फडकं हाताशी नव्हतं म्हणून तसाच लोखंडावर ठेवला. मी घोंगडी घेतली.

हँडल फिरलं. खाली काड्यांच्या मध्ये अंधारच होता. पण वर काहीतरी हललं. तारेपासून एक निळी रेघ निघाली, आत्याबाईंनी ओढलेल्या कुंकवाच्या बोटावरून वळवळत खाली आली, गोमेसारखी, आणि लोखंडात शिरून नाहीशी झाली. पुन्हा हँडल, पुन्हा तीच गोम. ओल्या कुंकवावरून मधल्या वाटेनेच ती घरी पळत होती. काड्यांपर्यंत जायची तिला गरजच नव्हती.

"पडतीया का?"

"नीट दिसली न्हाई," मी म्हणाले.

"फडकी कुठायत?"

"वाळत घातल्यात."

ह्यांनी घोंगडीत हात घालून प्लग घेतला, खाकी विजारीवर खसाखसा पुसला आणि परत ठेवला. "आता बग." या वेळी काड्यांच्या मध्ये टक्क करून ठिणगी पडली. चांगली निळी, भरलेली. दुसराही प्लग तसाच विजारीला पुसून निघाला. इंजिन चाललं. "पॉइंट घासलं मघाशी, त्याचा गुण," हे म्हणाले, आणि मग, "ऊठ की आता." मी घोंगडीतच बसले होते.

तो दिवसभर ते माझ्या पोटात राहिलं. भाकरी करपली. कळलं तर होतं, पण सांगायचं कसं? ह्यांना सांगावं तर ह्यांची जीभ पलटणीतून आल्यापासून तिखट झाली होती. दिवाळीत आत्याबाईंनी इंजिनाच्या चाकावर नारळ फोडला आणि करवंटीचा तुकडा आत अडकला, तेव्हा हे घाटावर सगळ्यांसमोर म्हणाले होते, "आये, ह्ये इंजन हाय, म्हसोबा न्हाई." आत्याबाई कितीतरी दिवस ह्यांच्याशी मोजकंच बोलत होत्या. आता तर त्यांच्याच कुंकवाने नाव अडते असं कळलं तर हे काय म्हणतील, आणि ते ऐकून त्या माऊलीचं काय होईल.

आणि आत्याबाईंना सांगावं तर काय शब्दांनी? कुंकू पुसा म्हणून? आमच्या घरात सून सासूला हे वाक्य बोलू शकत नाही. सवाष्णीने सवाष्णीला बोलायचं हे वाक्यच नाही. ज्या माणसाच्या नावाने मी कुंकू लावते तो राहावा म्हणून मी कुंकू पुसायला सांगणार होते. ह्यांनी ते विजारीला पुसलं, ते पुरुषाने अजाणता पुसलं. मी जाणूनबुजून हात लावायचा म्हटलं तरी अंगावर काटा यायचा.

संध्याकाळी आत्याबाई उद्याच्या पूजेची तयारी करत बसल्या होत्या. म्हणाल्या, "उद्या दोन दोन बोटं वडती. दाट."

मी पीठ मळता मळता म्हणाले, "आत्याबाई, उद्या नावंच्या तोंडाला लावलं तर?"

"तितं बी लावती की. कुंकू काय संपलंय व्हय घरातलं?"

"तसं न्हाई. म्हंजी… तितंच."

"आन् त्या दोगांस्नी पांढरं ठिवू? पुनवंच्या दिशी? खुळी का काय तू?"

मी पीठ पुन्हा पुन्हा मळत राहिले, इतकं की त्या म्हणाल्या, "आगं, भाकरीचं हाय त्ये, कणीक न्हवं."

पौर्णिमेच्या सकाळी धुकं असं होतं की देऊळ दिसत नव्हतं, नुसती घंटा ऐकू यायची. घाटावर माणसंच माणसं. पोरं खांद्यावर, फुलांच्या पाट्या, नैवेद्याची गाठोडी. आत्याबाईंनी नवं लुगडं नेसून पूजा केली. दोन्ही प्लगांना दोन दोन बोटं, दाट, ओली. हे हँडलाला उभे राहिले.

एकदा, दोनदा, मग लागोपाठ. इंजिन नुसतं खोकत होतं. घाटावरचं बोलणं हळूहळू थांबलं आणि मग ते थांबणंच ऐकू यायला लागलं. कुणीतरी म्हणालं, "वल्ही बरी. त्यास्नी चा पाजाय लागत न्हाई." मामंजी खाली वाकले आणि आडवी ठेवलेली वल्ही काढायला लागले. एक काढलं, नावेच्या काठाला टेकवलं. ते लाकडावर लाकूड वाजलं तेव्हा मी ह्यांच्या तोंडाकडे पाहिलं. हे चिडलेले नव्हते. मुंबईला निघालेल्या माणसाचं तोंड कसं असतं ते मी गावातल्या बायकांच्या घरी पाहिलं होतं. तसं दिसलं.

तरी ह्यांनी पाना घेतला, प्लग काढला आणि खिशातून फडकं ओढलं. मी पुढे झाले आणि त्यांच्या हातातून प्लग काढून घेतला. चारचौघांत नवऱ्याच्या हातातून वस्तू काढून घेण्याची ती माझी पहिलीच वेळ. हे बघतच राहिले.

"आत्याबाई," मी म्हणाले. "तुमी बी या. मला दिसंना झालंय. तुमी बगा."

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"या तुमी."

त्या आल्या. बहुतेक मी कधी 'या' म्हटलं नव्हतं म्हणून आल्या असाव्यात. दोघी गुडघ्यांवर बसलो आणि मी घोंगडी दोघींवर ओढली. बाहेर कुणीतरी म्हणालं, "आता सैपाक बी आतच करतील."

"मारा," मी बाहेर सांगितलं.

हँडल फिरलं. गोम निघाली, कुंकवावरून चालली आणि गेली.

"आगं बया," आत्याबाई म्हणाल्या. "ही कुठं चाललीया?"

"पुन्ना मारा," मी म्हणाले, आणि मग हळूच, "ती खाली पडाय पायजे. त्या दोन काड्यांच्या मधी."

पुन्हा गोम. त्यांचा श्वास माझ्या गालाला लागत होता. मग त्या अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या, "माज्या कुंकवावनं चालतीया."

मी घोंगडीची कड आणखी खाली ओढली.

"म्हंजी रोज मीच…"

मला राहवलं नाही. मी पदराचं टोक धरून प्लगाकडे हात नेला, आणि तिथेच थांबला तो. त्यांनी माझ्या हातावर चापट मारली.

"पुसायचं नसतं," म्हणाल्या. "उचलायचं आसतं."

त्यांनी अंगठ्याने ते ओलं कुंकू प्लगावरून अलगद उचललं आणि अंधारात चाचपून माझ्या कपाळाला लावलं, माझ्या कुंकवावर. उरलेलं स्वतःच्या कपाळाला. देवाचं कुंकू घेतो तसं. प्लगावर राहिला तो नुसता डाग. तो त्यांनी पदराने स्वच्छ केला, लेकराचं जेवलेलं तोंड पुसावं तसा. इतकं साधं होतं ते. मी आदल्या दिवसापासून जे वाक्य शोधत होते ते त्यांच्याजवळ होतं.

"मार रं हँडल," त्या ओरडल्या.

टक्क. काड्यांच्या मध्ये निळी ठिणगी पडली.

"चांदणी गं," त्या म्हणाल्या. "पुन्ना मार." पुन्हा पडली. त्यांना ती पुन्हा पुन्हा बघायची होती. बाहेरून हे म्हणाले, "आये, झालं का?" तेव्हा त्यांनी दुसरा प्लग मागून घेतला. त्याचंही कुंकू आमच्या दोघींच्या कपाळावर आलं.

घोंगडीतून बाहेर आलो तर घाट आमच्याकडे बघत होता. कपाळं भरून, नाकापर्यंत ओघळ. आत्याबाई म्हणाल्या, "तुज्या बायकूचं डोळं गेल्यात. चांगली पडतीया ठिणगी. बसीव."

ह्यांनी प्लग बसवले. पहिल्याच हँडलाला इंजिन बोललं. डुग डुग डुग. धुक्यात तो आवाज मोठा वाटला. मामंजींनी काढलेलं वल्हं परत खाली सरकवलं आणि त्यावरच बसले. "चला," म्हणाले, "बसा की. का आता मुहूर्त काढू?"

त्या दिवशी दिवस मावळेपर्यंत नाव या काठावरून त्या काठावर जात राहिली. मी एका खेपेला पलीकडे गेले. देवळात गेले तेव्हा काय मागायचं ते सुचेना. नुसते हात जोडून आले. येताना नावेत डोळे उघडे ठेवून बसले.

दुसऱ्या दिवशी पहाटे आत्याबाई ताट घेऊन निघाल्या तेव्हा मला धाकधूक होती. त्यांनी नावेच्या तोंडाला लावलं, मग इंजिनाच्या लाकडी पेटीला बाहेरून लावलं, आणि झाकण उघडून दोन्ही प्लगांकडे पाहिलं. मला म्हणाल्या, "ह्ये दोगं भाऊ हायती. बाप्या माणसाचं कपाळ मोकळं आसलं तरी चालतंय." आणि झाकण लावून टाकलं.

साहेबाला नाही म्हणून कळवलं गेलं. पॉइंटांची कीर्ती मात्र आसपास पसरली. मळ्यावर ज्यांची पाण्याची इंजिनं होती ते ह्यांच्याकडे यायचे आणि हे पॉलिश पेपर आणि दाढीची पत्ती घेऊन जायचे. कित्येकांची इंजिनं खरंच सुधारली. ह्यांच्या हाताला गुण होताच.

पौर्णिमेच्या दुसऱ्याच सकाळी, न्याहारीला बसले असताना, ह्यांनी विचारलं होतं, "काल घोंगडीत दोगी येवढं काय बोलत हुता?"

मी चुलीकडे तोंड फिरवलं.

आत्याबाई म्हणाल्या, "काय बोलणार? तुजंच पॉइंट बगत हुतो."

"मग? कसं हुतं?"

"लय झ्याक," त्या म्हणाल्या. "जेव आता."

मी तव्यावरची भाकरी ह्यांच्या ताटात टाकली. ह्यांनी पापुद्रा काढला, ताटाच्या कडेला ठेवला, आणि सगळं जेवण झाल्यावर शेवटी खाल्ला.